रशियाने दार लावलं आणि जॉर्जियाची वाईन सुधारली

रानवेल

मार्च २००६ मध्ये रशियाने जॉर्जिया आणि मोल्दोव्हाच्या वाईनवर बंदी घातली. सांगायला कारण होतं कीटकनाशकांचे अंश आणि भेसळ. खरं कारण राजकारण, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही कळत होतं. जॉर्जियाची निर्यात तोवर जवळजवळ सगळी रशियाच्या भरवशावर चालायची. एका फटक्यात गिऱ्हाईक गेलं आणि तळघरं तुडुंब भरलेली राहिली.

पुढे जे घडलं ते मला भारी रोचक वाटतं, म्हणून हा धागा.

रशियन गिऱ्हाइकाला गोडसर लाल वाईन हवी असायची, भरपूर हवी असायची आणि तो फारशी कुरकुर करायचा नाही. अशा माणसासाठी कोण जिवाचं रान करेल? त्याआधी १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांच्या दारूविरोधी मोहिमेत चांगल्या चांगल्या बागा उपटल्या गेल्या होत्या. जे उरलं ते कारखान्यांच्या हिशेबाने चालायचं. टनांत मोजायचं आणि टाक्यांत ओतायचं.

बंदीनंतर नवं गिऱ्हाईक शोधणं भाग होतं. आता लंडनच्या किंवा टोकियोच्या माणसाला जॉर्जियाची कॅबर्ने (प्रसिद्ध फ्रेंच लाल द्राक्षाची वाईन) कशाला हवी? ती त्याला दहा देशांतून मिळते. दुसऱ्या कुणाकडे नाही असं काय आहे आपल्याकडे, याचा शोध सुरू झाला आणि उत्तर घराच्या मागेच पुरलेलं निघालं. अगदी शब्दशः पुरलेलं! क्वेव्री म्हणजे मातीचा अंड्याच्या आकाराचा रांजण. गळ्यापर्यंत जमिनीत गाडलेला, आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात फिरवलेला. त्यात चेचलेली द्राक्षं साली-बियांसकट, काही भागांत देठांसकटही टाकायची. आंबवण संपली की तोंड लिंपून वसंतापर्यंत विसरून जायचं. पांढरी द्राक्षंही अशीच सालींवर राहतात, त्यामुळे वाईनला चहासारखा तांबूस पिवळा रंग येतो आणि जिभेला चांगलीच तुरट लागते. पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं होतं. तिसऱ्या घोटाला पेला पुढे केला.

कारखान्यांच्या काळात या रांजणांकडे घरगुती, गावठी प्रकार म्हणून पाहिलं जायचं. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. २०१७ मध्ये संशोधकांनी गादाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा इथल्या इ.स.पू. ६००० च्या आसपासच्या खापरांत द्राक्षवाईनचे रासायनिक अंश सापडल्याचं प्रसिद्ध केलं. मग काय, 'आठ हजार वर्षं' हे वाक्य प्रत्येक बाटलीवर चढलं.

अनोळखी वाईनप्रदेशांवरचे लेख वाचले की तेच ते ऐकायला मिळतं. हवामान बदललं, माती झकास निघाली, कुणीतरी वेडा नोकरी सोडून तिथे गेला. असेलही. पण मला प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी नाइलाज दिसतो. लेबनॉनचंच बघा. शातो म्युझार या वाईनघराच्या बागा बेका खोऱ्यात आणि तळघर बैरूतच्या उत्तरेला, डोंगर ओलांडून. १९७५ ते १९९० ची यादवी म्हणजे द्राक्षांच्या ट्रकने गोळीबारातून वाट काढायची. त्या सगळ्या काळात त्यांची १९७६ आणि १९८४ ही दोनच वर्षं हुकली. देशातलं गिऱ्हाईक पांगल्यावर तिथले वाईनकार सर्ज होशार बाटल्या घेऊन परदेशी निघाले. १९७९ च्या ब्रिस्टलच्या प्रदर्शनात जाणकारांची नजर त्यांच्यावर पडली आणि १९८४ मध्ये डिकँटर या ब्रिटिश वाईनमासिकाने त्यांना वर्षाचा मानकरी ठरवलं. शांतता असती तर ते ब्रिस्टलला गेले असते का?

चीनमधल्या निंगशियाचं तर विचारूच नका. तिथे हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली जातो, म्हणून दर शरद ऋतूत वेली जमिनीवर आडव्या करून मातीखाली गाडतात आणि वसंतात पुन्हा उकरून काढतात. एवढा उपद्व्याप करून पिकवलेलं द्राक्ष स्वस्तात विकून कसं परवडेल? चांगली वाईन करण्याखेरीज त्यांच्यापुढे पर्याय नव्हता.

तुम्हाला अशी आणखी उदाहरणं ठाऊक असतील तर लिहा. माझं म्हणणं खोडून काढलंत तरी चालेल.

---

सुपारीखांड

वाचनखूण साठवली. रांजणाचा भाग वाचून मजा आली. लेबनॉनवर वेगळा लेख येऊ द्या.

---

अक्षांश

लेख आवडला, पण नाइलाजाचा सिद्धांत ओढून ताणून बसवलाय असं वाटतं. इंग्लंडला कसला नाइलाज होता?

वाईनच्या द्राक्षांचा पारंपरिक पट्टा साधारण ३० ते ५० अंश अक्षांशांमधला. इंग्लंडचा दक्षिण किनारा त्या रेषेच्या जरासा वरच. तिथे द्राक्षं पिकायची मारामार होती, आता पिकतात. एवढी साधी गोष्ट आहे. ससेक्स आणि केंटच्या टेकड्यांखालची खडूची माती ही शॅम्पेनच्या खडूचीच भावंड, पण माती तर हजारो वर्षं तिथेच होती! वाढलं ते ऊन. फेसाळ वाईनला पक्व पण आंबट द्राक्ष लागतं. शॅम्पेनमध्ये अलीकडे तो आंबटपणा टिकवताना नाकी नऊ येतात आणि इंग्लंडमध्ये तो आयता मिळतो. तैतांजेसारख्या नावाजलेल्या शॅम्पेन घराण्याने २०१५ मध्ये केंटमध्ये जमीन घेतली ती काय हौस म्हणून? या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-वेल्समध्ये हजार हेक्टरही द्राक्षं नव्हती. २०२३ पर्यंत आकडा चार हजारांपुढे गेला.

थर्मामीटर बघा, राजकारण नको.

---

रानवेल

अक्षांश, ऊन वाढलं हे कबूल. पण एक बघा. १९७०-८० च्या दशकांत इंग्लंडमध्ये म्युलर-थुर्गाऊ, रायखनस्टाइनर, सेव्हाल ब्लाँ असल्या लवकर पिकणाऱ्या जाती लावायचे आणि त्यांची साधी पांढरी वाईन करायचे. तिला बाहेर कुणी विचारत नव्हतं. १९८८ मध्ये शिकागोहून आलेल्या मॉस दांपत्याने नायटिंबरला शॅम्पेनच्या तीन जाती लावल्या आणि फक्त फेसाळ वाईन करायची असं ठरवलं. ऊन तेव्हा आजच्याइतकं कुठे होतं? साधी वाईन चालत नाही, मग याच आंबट द्राक्षाचं काय करता येईल, हा प्रश्न त्यांनी विचारला. मी नाइलाज म्हणतो तो हाच.

---

अक्षांश

याला नाइलाज नाही, डोकं म्हणतात. शब्द इतका ताणलात की त्यात सगळं जग मावेल.

---

खुंटकलम

माझा संबंध बागेशी, पेल्याशी कमी. तेव्हा वेलीच्या बाजूने चार गोष्टी.

निंगशियात वेली पुरतात हे बरोबर, पण एकट्या थंडीमुळे नाही. तिथला हिवाळा कोरडाठाक असतो. बर्फाचं जाड पांघरूण मिळत नाही आणि वाऱ्याने काडी सुकून मरते. मातीखाली थोडी ऊब आणि थोडी ओल, दोन्ही राहतात. यासाठी खोड सरळ उभं वाढवून चालत नाही. जमिनीलगत तिरकं वाढवतात, म्हणजे दरवर्षी वाकवताना मोडत नाही. तरी मोडतातच. शिवाय उकरताना यंत्राचा किंवा फावड्याचा घाव काडीवरच्या डोळ्यांवर, म्हणजे कळ्यांवर, बसतो. लवकर उकरलं तर उशिराचा गारठा कोंब जाळतो, उशीर केला तर मातीतच फुटवे निघतात आणि हात लावताच तुटतात. जुन्या वेलींचं कौतुक करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, कारण अशा हाताळणीत वेल म्हातारी होणंच अवघड.

न पुरता थंडी सोसायची तर जात बदलावी लागते. अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठाने २००६ मध्ये मार्केट नावाचा लाल संकर दिला, तो उणे तीसच्या आसपासही तग धरतो. युरोपात सोलारिस हा पांढरा संकर आहे. लवकर पिकतो, भुरी आणि केवडा या बुरशीच्या रोगांना बऱ्यापैकी दाद देत नाही. डेन्मार्क-स्वीडनमधल्या बागा बहुतांशी त्याच्या जिवावर उभ्या आहेत. जुन्या प्रदेशांत संकर म्हटलं की नाकं मुरडायचे. २०२१ च्या शेवटी युरोपीय संघाने नियम बदलून प्रदेशनिष्ठ मानांकनाच्या वाईनमध्येही अशा जातींना वाट करून दिली. जुन्यांनाही आता फवारण्या परवडेनाशा झाल्यात.

आता उलट टोक. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात द्राक्षं पिकण्याच्या वेळी, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, धो धो पाऊस. मणी तडकतात, घड सडतात. तिथल्या संशोधकांनी वेलीचं कॅलेंडरच फिरवलं. एक छाटणी काडी तयार करण्यासाठी, तिच्यावर आलेले घड काढून टाकायचे. दुसरी छाटणी जानेवारीच्या सुमाराला, आणि मग काढणी जुलै-ऑगस्टच्या कोरड्या हिवाळ्यात. दिवसा स्वच्छ ऊन, रात्री गारवा. सिरा या लाल जातीला ते मानवलं. आपल्याकडच्या द्राक्षबागांतली खरडछाटणी आणि गोडीछाटणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली गोम लगेच कळेल. मात्र वेलीला पुरती झोप मिळत नाही, हे विसरू नये. ईशान्य ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को खोऱ्यात तर विषुववृत्तापासून नऊएक अंशांवर वर्षाला दोन पिकं घेतात. पाणी तोडलं की वेल थांबते, सोडलं की फुटते. हिवाळा नळाच्या तोटीत.

---

सुपारीखांड

'हिवाळा नळाच्या तोटीत' हे फारच आवडलं.

---

जमाखर्च

सगळे बागा लावण्याबद्दल बोलताहेत. पिणार कोण?

आंतरराष्ट्रीय वाईन संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगाने सुमारे २१.४ कोटी हेक्टोलिटर वाईन रिचवली. १९६१ नंतरचा हा नीचांक. २०२३ मध्ये फ्रान्सने बोर्दोमध्ये वेली उपटण्यासाठी हेक्टरी ६,००० युरो द्यायची योजना आणली, लक्ष्य ९,५०० हेक्टर. म्हणजे अक्षांश यांनी कौतुकाने सांगितलेल्या इंग्लंडच्या सगळ्या बागांच्या दुप्पट जमीन तिथे वेलीमुक्त करायला पैसे मोजताहेत. आणि ती काही अनोळखी जागा नाही, बोर्दो आहे!

निंगशियाच्या चांगल्या वाईनचं ठीक, पण त्याच चीनचं एकूण वाईन उत्पादन २०१२ नंतर वर्षागणिक घसरत निम्म्याच्याही बरंच खाली आलंय. कारखाने-बंगले उभे राहिले, पाहुणे येऊन गेले, फोटो छापले. माल कुठे जातो हे विचारलं की सगळे दुसरीकडे बघतात.

वेल लावल्यापासून धंद्याजोगं पीक यायला तीनेक वर्षं. लाल वाईन मुरवायची तर आणखी दोन. पाच वर्षं पैसा आत जातो, बाहेर काही येत नाही. या काळात पिणाऱ्याची आवड बदलली तर वेल उपटून टोमॅटो लावता येत नाहीत. म्हणून 'नव्या प्रदेशाचा उदय' वगैरे वाचलं की मी आधी पाहतो, पैसा कुणाचा आहे. बँकेच्या कर्जाचा की दुसऱ्या धंद्यात आधीच कमावलेला. बहुतेकदा दुसरा.

---

अक्षांश

जमाखर्च, बोर्दोत उपटताहेत त्या वेली स्वस्त लाल वाईनच्या. इंग्लंड फेसाळ वाईन करतं. फेसाळ आणि पांढऱ्या वाईनची घसरण लालइतकी नाही. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका.

---

जमाखर्च

मान्य. पोतं वेगळं, बाजार तोच.

---

मृद्गंध

मी जॉर्जियातल्या काखेतीमध्ये काढणीच्या दिवसांत काही आठवडे राहून आले आहे (शिकायला म्हणून, हात जांभळे करून घेतले एवढंच कर्तृत्व). रानवेल, तुमचा लेख सुरेख आहे, पण त्यातली रशियाची गोष्ट २०१३ च्या पुढे जात नाही. तिथेच खरी गोष्ट सुरू होते.

त्याच वर्षी रशियाने बंदी उठवली. आणि गिऱ्हाईक परत आलं! आज पुन्हा जॉर्जियाच्या वाईन निर्यातीतला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या रशियाचा आहे. त्यातली बरीचशी तीच गोडसर लाल. रांजणातल्या ज्या वाईनवर जगभर लेख लिहिले जातात, ती देशाच्या एकूण उत्पादनात अगदी थोडी. टाक्यांतली वाईन घर चालवते, रांजणातली वाईन नाव चालवते. आमच्या गटाला शिकवणाऱ्या बाईंना मी भाबडेपणाने विचारलं होतं, की रशियाने परत दार लावलं तर? त्या म्हणाल्या, तेव्हाचं तेव्हा, आधी ही टाकी रिकामी करू या.

त्यामुळे बंदीने वाईन सुधारली हे अर्धं खरं. बंदीने काही लोकांना वेळ आणि कारण दिलं. बाकीच्यांनी दार उघडायची वाट पाहिली, आणि ते उघडलंही.

---

रानवेल

मृद्गंधताई, हे झोंबलं, कारण बरोबर आहे. शीर्षक लिहिताना मला गोष्टीचा गोड शेवट हवा होता, म्हणून २०१३ ला थांबलो. संपादनाची सोय असती तर 'काहींची सुधारली' असं केलं असतं.

मोल्दोव्हात मात्र जरा निराळं झालं का? बंदी त्यांच्यावरही होती. २०१३ मध्ये त्यांनी युरोपीय संघाशी करार जवळ आणला तेव्हा रशियाने पुन्हा एकदा त्यांच्या वाईनला दार लावलं. दोनदा तोंड पोळल्यावर त्यांनी युरोपचा बाजार धरला, फेतेआस्का नेआग्रासारख्या आपल्या जातींवर भर दिला. मिलेश्ती मिचच्या चुनखडीच्या खाणींत दोनशे किलोमीटर बोगदे आहेत, त्यातल्या पन्नासेक किलोमीटरमध्ये बाटल्या. गाडीत बसून तळघर बघावं लागतं. २००५ मध्ये सर्वांत मोठ्या संग्रहाचा गिनीज विक्रम त्यांच्या नावावर लागला. पण विक्रमाने वाईन खपत नाही हे त्यांना वर्षभरातच कळलं.

---

वांगी_भरीत_नाही

मी स्वतः घेत नाही, भूगोलाच्या ओढीने धागा वाचतेय. एक बाळबोध प्रश्न. 'वाईनप्रदेश' ठरतो कसा? दहा लोकांनी द्राक्षं लावली की झाला प्रदेश?

---

खुंटकलम

बाळबोध नाही, मुद्द्याचा प्रश्न आहे. दहा लोकांनी लावली की झाल्या दहा बागा. आपल्या सगळ्यांच्या बाटलीत काहीतरी सारखं असेल असं ते दहा जण ठरवतात तेव्हा प्रदेश सुरू होतो. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियात २०१२ मध्ये 'टायडल बे' नावाने पांढऱ्या वाईनची एक चौकट आखली. ठरावीक जाती, तिथलीच द्राक्षं, चाखणाऱ्यांच्या मंडळाची मंजुरी. लाल वाईनचा नाद सोडून थंड समुद्राकाठी जे जमतं त्यावरच नाव लावलं.

जपानमध्ये उलट अडचण. तिथे बाहेरून आणलेला रस किंवा मोठ्या पिशव्यांतली वाईन देशात बाटलीत भरून तीही देशी म्हणून विकली जायची. २०१८ पासून नियम आला की 'जपानी वाईन' म्हणायचं तर द्राक्षं जपानचीच हवीत. यामानाशीच्या कोशू द्राक्षाला त्याचा फायदा झाला. कोशूच्या घडांवर पावसापासून बचाव म्हणून कागदाच्या टोप्या बांधतात, एकेका घडाला एकेक. हे काम करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

---

दुर्बीण

पुरस्कारांचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. २४ मे १९७६. स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाईनव्यापाऱ्याने पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांना डोळसपणे नव्हे, लेबलं झाकून वाईन चाखायला दिल्या आणि नापा खोऱ्यातली १९७३ ची पांढरी शार्डने व लाल कॅबर्ने आपापल्या गटात पहिल्या आल्या. तोवर कॅलिफोर्नियाही अनोळखीच होती! निंगशियासाठी तोच दिवस २०११ मध्ये आला. जिया बेई लान या वाईनने डिकँटरच्या जागतिक स्पर्धेत बोर्दो पद्धतीच्या लाल वाईनच्या गटात आंतरराष्ट्रीय करंडक घेतला. एका रात्रीत नकाशावर नाव लागतं. नाइलाज, थर्मामीटर सगळं बाजूला. कुणीतरी मोठ्याने नाव घ्यावं लागतं.

---

जमाखर्च

नाव घेतलं जातं, मग तीस वर्षं निस्तरावं लागतं. १९७६ मध्ये जिंकलेल्या दोन्ही वाईन फ्रेंच जातींच्याच होत्या. त्याचा परिणाम असा की पुढची दोन दशकं जगातल्या प्रत्येक नव्या प्रदेशाने डोळे मिटून कॅबर्ने आणि शार्डने लावली. घरच्या जाती उपटून लावली. निंगशियाचा करंडकही बोर्दोसारखी केली म्हणूनच मिळाला.

---

आडनाव_नको

जमाखर्च यांच्याशी सहमत, आणि इथे मला जातींचं पुराण लावायचा मोह आवरत नाही. माहेरी कुणी विचारलं नाही आणि सासरी नाव काढलं अशा लेकींची यादीच आहे.

कार्मनेर ही लाल जात मूळची बोर्दोची. फायलॉक्सेरा किडीने एकोणिसाव्या शतकात तिथल्या बागा खाल्ल्या, नव्याने कलमं करताना हिला कुणी फारसं लावलं नाही. ती चिलीत जगली, तीही मर्लो या दुसऱ्याच लाल जातीच्या नावाने. १९९४ मध्ये झाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने बागेत उभं राहून सांगितलं की ही मर्लो नव्हे. आता गंमत बघा. चीनमध्ये पिढ्यानपिढ्या 'कॅबर्ने गेर्निश्त' म्हणून जे लावतात, तेही डीएनए तपासल्यावर बहुतांशी कार्मनेरच निघालं! म्हणजे निंगशियाची स्वतःची म्हणता येईल अशी गोष्ट तिथेच होती, कॅबर्नेच्या सावलीत.

तानाची कथा साधी. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या मादिराँची राकट, जीभ सोलून काढणारी जात. १८७० च्या सुमाराला बास्क मुलखातून आलेल्या पास्कुआल आरियाग यांनी ती उरुग्वेत लावली. तिथल्या दमट समुद्री हवेत ती जरा मवाळ झाली. आज उरुग्वे म्हटलं की ताना, आणि मादिराँ कुठे आहे हे नकाशात शोधावं लागतं.

झिन्फंडेल तर सर्वांवर कडी. अमेरिकेची स्वतःची जात म्हणून मिरवली गेली. २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॅरोल मेरेडिथ आणि क्रोएशियन संशोधकांनी तिचा पत्ता शोधला तो दाल्मेशियन किनाऱ्यावर, कास्तेलाच्या एका बागेत. त्स्रल्येनाक कास्तेलान्स्की. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेली उरल्या होत्या. शोध लागल्यावर क्रोएशियात ती पुन्हा लावायला लागले. लेक परदेशी नावारूपाला आली म्हणून माहेरच्यांना तिची आठवण झाली!

---

वांगी_भरीत_नाही

हसून हसून पुरेवाट. वाईन घेत नसले तरी या लेकींच्या बाजूने मी आहे.

---

अक्षांश

दोन दिवस विचार करून परत आलो. ऊन वाढलं की नवे प्रदेश येतात हे मी ठासून सांगितलं, पण कॅनडाच्या ओकानागन खोऱ्याबद्दल वाचून जरा गप्प झालो. तिथे उन्हाळे तापले, लोकांनी धाडस करून मर्लो, सिरा लावली. जानेवारी २०२४ मध्ये आधी हिवाळा उबदार होता, मग काही दिवसांत पारा उणे पंचविसाच्या खाली. त्या वर्षीचं जवळजवळ सगळं पीक गेलं. सरासरी तापमान वाढणं म्हणजे थंडी संपणं नव्हे. मी थर्मामीटर बघा म्हणालो होतो, मग दोन्ही टोकं बघायला हवी होती.

त्या वर्षी तिथल्या सरकारने वाईनवाल्यांना बाहेरून द्राक्षं आणायची सवलत दिली. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातून द्राक्षं आली आणि ओकानागनच्या तळघरांत आंबली. ती वाईन कुठली म्हणायची? खुंटकलम यांच्या दहा बागांच्या हिशेबात ती बसत नाही.

---

खुंटकलम

लेबलवर खरं लिहिलं असेल तर मला चालेल. तळघरातली माणसं तीच आहेत आणि त्यांना पगार द्यायचाय. पण प्रदेश म्हणाल तर त्या वर्षी तो रजेवर होता.

जाता जाता, उबदार हिवाळ्याचा मुद्दा तुम्ही अचूक पकडलात. वेल हळूहळू गारठत गेली तर पुष्कळ सोसते. डोळे सैल झाल्यावर थंडी आली की उणे वीसही जड जातं.

---

रानवेल

ओकानागनमधला नाइलाज खरा, पण त्याने वाईन सुधारली असं मी तरी म्हणणार नाही. काही बागा आता चिवट जातींनी पुन्हा लावाव्या लागतील, बाकीच्या विकल्या जातील. माझ्या लेखातले नाइलाज सगळे निभावून गेलेल्यांचे होते. बुडाले त्यांच्यावर लेख लिहायला कोण जातं?

मृद्गंधताई, एक राहिलंच. रांजण धुतात कसे? तोंड एवढंसं असतं.

---

मृद्गंध

मोठ्या रांजणात माणूस उतरतो. लहान असेल तर काठावर पालथं पडून लांब दांड्याच्या ब्रशने घासतात, त्याला पुढे चेरीच्या झाडाच्या सालींचा गठ्ठा बांधलेला असतो. घासायचं, पाणी उपसायचं, परत घासायचं, पाणी स्वच्छ येईस्तोवर. हे काम ज्याला जमतं त्याला वाईन जमते असं तिथे मानतात. मला उतरायला सांगितलं होतं. खांदे अडकले. सगळ्यांनी मिळून ओढून काढलं आणि उरलेले दिवस मला बादल्या उचलायच्या कामावर ठेवलं.